सासूबाईंचा हातभार

महाराणीच्या पार्लरमध्ये केस कापून घ्यायचे, तर गिऱ्हाइकाला आधी बुटकं व्हावं लागे. तिथलं स्टूल जेमतेम गुडघ्याएवढं होतं. बँकेतली मॅनेजरीण असो नाहीतर कोपऱ्यावरची बेकरीवाली, प्रत्येकीला त्या स्टुलावर अंडं उबवणाऱ्या कोंबडीसारखं बसावं लागे. स्टूल फिरतं होतं. महाराणी आपल्या चाकांच्या खुर्चीचे ब्रेक लावून मागं बसे आणि एक बाजू कापून झाली की बोटभर धक्का देऊन गिऱ्हाईकच फिरवून घेई. गल्लीतल्या बायकांना याची इतकी सवय झाली होती, की दुसरीकडे उंच खुर्चीवर बसलं की आपल्याला चक्कर येते, असं त्या अभिमानानं सांगत.

आरसा खाली, बेसिन खाली, फळ्या खाली. कात्री दोरीनं खुर्चीच्या हाताला बांधलेली, कारण जमिनीवर पडलेली वस्तू म्हणजे महाराणीच्या लेखी परदेशी गेलेली वस्तू. कमरेखाली तिला हालचाल नव्हती आणि जाणीवही नव्हती. कमरेच्या वर मात्र दोन्ही जरा जास्तच आहेत, असं तिच्या सासूबाईंचं मत होतं.

एका जागी बसून कातडीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला मधूनमधून खुर्चीच्या हातांवर जोर देऊन सगळं अंग वर उचलून धरावं लागे. हे कारण सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. पण माणसाचा स्वभाव कुठं जातो? ‘आणि मग माझी जाऊ म्हणते कशी’ इथपर्यंत गोष्ट यावी आणि आरशात महाराणी वर उठलेली दिसावी, की सांगणारीला वाटे, काय रंगवतेय मी. बेकरीवालीचं तर गणितच ठरलेलं होतं. जी बातमी ऐकून महाराणी उठली नाही, ती बातमी बेकरीवाली पुढं कुणाला सांगत नसे.

पायांत मात्र महाराणीच्या कायम उंच टाचांचे बूट. लाल, हिरवे, एक तर चक्क सोनेरी. ती म्हणे, माझे झिजत नाहीत आणि चावतही नाहीत, मग मी का म्हणून सपाट घालू? सुट्टीच्या दिवशी ती बागेत जाई. बागेत एक लांबलचक उतार होता. त्या उतारावरून ती हात सोडून खुर्ची पळवी आणि मागून सासूबाई ‘मेलीस आता, आता मेलीस’ असं ओरडत दुखऱ्या गुडघ्यांनी घाईघाईनं येत. लोक पोरांना दाखवायला घेऊन येत.

महाराणी हे नाव सासूबाईंनीच ठेवलेलं. नवी सून म्हणून आली तेव्हा एकदा उठायला उशीर झाला, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, ‘उठल्या का महाराणी?’ तेव्हा ते बोचलं होतं. मग अशी वर्षं आली की बाकीच्या सगळ्याच्या मानानं ते बोचणं किरकोळ वाटावं. पुढं गल्लीनं ते नाव उचललं आणि दुकानाच्या पाटीवर चढवलं. गल्लीनं मग सासूबाईंनाही मोकळं सोडलं नाही. त्या फौजदारबाई झाल्या. दार उघडायचं त्यांनी, नंबर लावायचे त्यांनी, कापलेले केस झाडायचे त्यांनी आणि झाडताझाडता ‘अजून थोडे कापले असतेस तरी काही बिघडलं नसतं, चेहरा तोच राहणार आहे’ असा अभिप्राय द्यायचा तोही त्यांनीच. दुसरीकडे असं कुणी बोललं असतं तर भांडण झालं असतं. इथं बायका तेवढं ऐकायलाही येत.

या दोघींचा दिवस एका कार्यक्रमानं सुरू होई. महाराणी पलंगाच्या कडेला बसलेली, खुर्ची शेजारी लावलेली. फौजदारबाई समोर उभ्या राहत, पाय फाकवत, सुनेच्या कमरेभोवती दोन्ही हात घालत आणि ‘चल गं’ म्हणून जे काही कण्हत, ते ऐकून वाटावं की घरात कपाट हलवतायत. मग महाराणी खुर्चीत. मग फौजदारबाई कमरेवर हात ठेवून दम खात आणि म्हणत, ‘मी आहे म्हणून बरं. मी गेले की तुला कोण उचलणार?’ हा प्रश्न रोजचा होता. त्याला महाराणी रोज एकच उत्तर देई, ‘म्हणून तर तुम्हाला जाऊ देत नाही, आई.’

हा उचलण्याचा कार्यक्रम ज्यामुळे सुरू झाला, ती हकिगत गल्लीत कुणी मोठ्यानं सांगत नाही. पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नवरा चपलांच्या दुकानात होता. दिवसभर गिऱ्हाइकांच्या पायाशी एका गुडघ्यावर बसून तो इतक्या हळुवारपणे बूट चढवी, की म्हाताऱ्या माणसांना भरून येई. इतका नम्र जावई मिळाला म्हणून महाराणीच्या माहेरी सगळे खूश होते. दिवसभर वाकलेला हा माणूस घरी आला की ताठ होई. भाजी पातळ झाली, दार उघडायला उशीर झाला, शेजाऱ्याशी हसून बोलली. कारण कोणतंही चाले, नसलं तरी चाले. आणि त्या खोलीतून आवाज यायला लागला की सासूबाई स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडत आणि भांडी घासायला घेत. घासलेलीच पुन्हा घासत. त्या घरातली भांडी लखलखीत असत. शेजारणी कौतुक करत.

तेव्हा ते वरच्या मजल्यावर राहत. एका संध्याकाळी तिनं जिन्याच्या तोंडाशी उभं राहून सांगितलं, की तिला एका पार्लरमध्ये काम मिळालंय आणि उद्यापासून ती जाणार आहे. त्यानं तिला ढकललं. सांगायला एवढंच आहे. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

कोर्टात नवऱ्याच्या वकिलानं सासूबाईंना आपल्याच बाजूची साक्षीदार म्हणून उभं केलं. सून जिन्यावर घसरली, एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं आणि ते वकिलानं त्यांच्याकडून चांगलं घोकून घेतलं होतं. सासूबाईंनी वकिलाकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘ती घसरली नाही. ह्यानं ढकललं. मी बघत होते. मी नेहमीच बघत होते.’ वकील गडबडीनं म्हणाला, बाईंचं वय झालंय, त्या गोंधळल्यात. त्यावर सासूबाईंनी न्यायाधीशांना सांगितलं, की गोंधळलेत ते वकीलसाहेब, त्यांना कुणीतरी पाणी द्या.

मुलगा तुरुंगात गेला. सासूबाई तिथून मुलीकडे गेल्या नाहीत. कापडी पिशवीत दोन कपडे घालून तडक हॉस्पिटलमध्ये, अजून तिथंच पडून असलेल्या सुनेच्या पलंगाशी येऊन बसल्या. सून त्यांच्याशी बोलली नाही. त्या जेवण भरवत, ती तोंड फिरवी. त्या केस विंचरत, ती डोळे मिटून घेई. असं बरंच चाललं. मग एके दिवशी सासूबाई कोपऱ्यातल्या बेसिनवर कप धूत होत्या, धूतच होत्या, आणि मागून सुनेचा आवाज आला, ‘तो नळ बंद करा आधी.’ हे तिचं पहिलं वाक्य. सासूबाईंनी नळ बंद केला आणि तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. दोघी एकमेकींवर वैतागायला लागल्या, आणि वैतागावैतागीतच हळूहळू घर उभं राहिलं. तळमजल्यावर, दोन खोल्यांचं, पुढच्या खोलीत पार्लर.

सुरुवातीला सासूबाई तिला खरंच उचलत. पण दिवसभर चाकं फिरवून आणि अंग तोलून महाराणीचे हात सुताराचे असावेत तसे झाले, आणि सासूबाईंचे हात वयानं काटकुळे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला एक गुळगुळीत फळी दिली होती. पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये ती ठेवायची आणि हातांवर जोर देत सरकत जायचं. सासूबाई बाजारात गेल्या की ती सराव करी. दोनदा आपटली, कुणाला बोलली नाही. मग जमायला लागलं, आणि पुढं तर फळीशिवाय जमायला लागलं.

हे तिनं सासूबाईंना सांगितलं नाही. सांगणारच होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पाय फाकवून समोर उभ्या राहिल्या, ‘चल गं’ म्हणाल्या, आणि तिला वाटलं, उद्या सांगू. त्या ‘उद्या’ला अनेक वर्षं झाली. पलंगावर दोन्ही मुठी टेकून सगळा भार महाराणी उचले. सासूबाई नुसत्या कमरेला धरून लोंबकळत आणि कण्हत. कधीकधी तर त्यांचा तोल सुनेलाच सांभाळावा लागे. पण कार्यक्रम झाल्यावर कमरेवर हात ठेवून दम खाणाऱ्या त्या म्हातारीच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते काढून घ्यायला महाराणीचा हात धजत नव्हता.

मग नणंदेचा फोन आला.

दोन खोल्यांच्या घरात गुपित ठेवायला जागा नसते. नणंदेचा आवाज फोनमधून बाहेर सांडेल असा, आणि सासूबाईंना कमी ऐकू येई म्हणून ती आणखीच ओरडे, मग त्या फोन कानापासून लांब धरत. महाराणीला सगळं ऐकू आलं. भाऊ आजारी होता. शिक्षा भोगून तो केव्हाच सुटला होता आणि दुसऱ्या गावी कुठंतरी राहत होता. आता दारूनं लिव्हर गेलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. नणंदेनं त्याला आपल्या घरी आणलं होतं आणि तो ‘आई, आई’ करत होता.

सासूबाईंनी फोन ठेवला आणि सुनेला सांगितलं, की राँग नंबर होता. एवढा लांबलचक राँग नंबर गल्लीत पूर्वी कुणाला आला नव्हता.

त्यानंतर त्या घरात असून नसल्यासारख्या झाल्या. आमटीत मीठ दोनदा पडे नाहीतर पडतच नसे. एका गिऱ्हाइकाला ‘तुझ्यावर हे केस शोभतात’ असं म्हणाल्या, तेव्हा ती बाई घाबरून विचारायला आली की फौजदारबाईंना बरं नाही का. महाराणी सगळं पाहत होती आणि गप्प होती. जा, असं तिला म्हणवत नव्हतं. जाऊ नका, असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हेही ठरवता येत नव्हतं. तिच्या पायांतलं बळ ज्यानं नेलं, तो आता तिच्या घरातलं उरलेलं माणूसही न्यायला निघाला होता, आणि तेही अंथरुणावर पडल्यापडल्या.

अशातच थंडी पडली. महाराणीचे पाय थंडीत निळसर होत. तिला कळत नसे, पण सासूबाईंना बघवत नसे. पायांजवळ गरम काहीही न्यायचं नाही, हे नर्सनं दोघींना बजावून सांगितलं होतं, आणि इतक्या वर्षांत तो नियम सासूबाईंनी कधी मोडला नव्हता. त्या बूट काढून लोकरीचे मोजे चढवत आणि तळव्यांनी पाय चोळत बसत. त्या दिवशी मात्र मन भलतीकडे होतं. मुलगा लहान असताना त्याचे पाय गार पडले की त्या अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवत. तो म्हणे, ‘आई, भाजतंय,’ मग त्या ती जरा लांब सरकवत. हाताला तीच सवय आठवली. सासूबाईंनी पिशवी भरली, झोपलेल्या महाराणीच्या पायांखाली ठेवली, वरून शाल घातली आणि वाट पाहिली. कुणी काही म्हणालं नाही. म्हणजे ठीक आहे.

पिशवी गार झाल्यावर त्यांनी ती उचलून नेली. दुपारी बेकरीवाली स्टुलावर बसली होती. तिच्या भावजयीची गोष्ट ऐन भरात आली असताना तिनं मागं वळून खाली पाहिलं आणि म्हणाली, ‘महाराणी, तुझा मोजा ओला कसा झालाय गं?’

मोजा काढला तसा त्याच्याबरोबर कातडीचा पापुद्राही आला. महाराणीनं आधी पायाकडे पाहिलं नाही. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. त्या हातात केरसुणी घेऊन उभ्या होत्या.

जखम बरी व्हायला फार दिवस लागले. नर्स येऊन पट्टी बदले. महाराणी सगळ्यांना हसत सांगे, की मला काही दुखलं नाही, हाच तर माझ्या पायांचा फायदा. पट्टी बदलायच्या वेळी सासूबाई खोलीबाहेर जात. एकदा मात्र त्या दारातूनच, कुणाकडे न बघता म्हणाल्या, ‘त्यानंही तुझे पाय घेतले, मीही घेतले. आमचं रक्तच असलं.’

महाराणीनं कंगवा भिरकावला, आणि तो खरोखरच त्यांच्या खांद्याला लागला. ‘पुन्हा असं बोललात तर कात्री फेकीन,’ ती म्हणाली. ‘ती दोरीला बांधलीये म्हणून वाचलात.’

मग नणंद आली. नणंद म्हणजे अशी बाई, की बोलायला लागली की तिच्या वाटचा श्वासही समोरच्यानं घ्यावा. तिनं सगळं एका दमात मांडलं. आईचं आता वय झालं, आईच्या हातून चुका होतात, उद्या गॅस चालू राहील. भाऊ चार दिवसांचा सोबती आहे. वाईट वागला हे खरं, पण आईचं काळीज ते आईचं काळीज. वहिनीसाठी दिवसा एखादी बाई ठेवता येईल. तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, हीच महाराणीला अडचण वाटली. वाईट असतं तर भांडता आलं असतं.

सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘आणि हिला सकाळी उचलणार कोण?’

नणंद गप्प झाली. हे तिच्या आयुष्यात क्वचितच घडलेलं.

‘मी जाणार नाही,’ सासूबाई म्हणाल्या. ‘हिला उचलायला कुणी नाही.’ आणि आत जाऊन त्यांनी मुलाचा एक जुना फोटो कपाटातून काढला, पाहिला आणि उलटा करून परत ठेवला. महाराणीला ते आरशातून दिसलं.

तिनं नुसतं गप्प बसायचं होतं. एवढंच. ती गप्प बसली असती तर सासूबाई कुठंही गेल्या नसत्या. रोज सकाळी कण्हल्या असत्या, गिऱ्हाइकांना टोचून बोलल्या असत्या, आणि तिकडं मुलगा एके दिवशी मेला असता. मग त्या त्याच खोलीत केर काढत राहिल्या असत्या आणि सून त्यांना आरशातून पाहत राहिली असती. समोर सगळं घडताना पाहायचं आणि काही बोलायचं नाही, म्हणजे काय असतं, हे या घरात दोघींनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आंघोळ करून बाहेर आल्या, तर महाराणी खुर्चीत बसलेली होती. केस विंचरलेले, हिरवे बूट घातलेले, हातात चहाचा कप.

सासूबाईंनी पलंगाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं. मग कोण आलंय ते बघायला दुसऱ्या खोलीत डोकावून आल्या.

‘कुणी नाही, आई. माझी मीच बसले.’

‘कधीपासून येतं तुला?’

‘झाली बरीच वर्षं.’

सासूबाई हळूच पलंगावर बसल्या. ‘मग मी रोज सकाळी काय करत होते?’

महाराणीनं ठरवलं होतं की हसतहसत सांगायचं. ‘कण्हत होतात,’ ती म्हणाली. पण हसू आलं नाही. कुणालाच आलं नाही.

‘मला सांगितलं नाहीस.’

‘तुम्ही गेला असतात.’

सासूबाई स्वतःच्या हातांकडे पाहत राहिल्या. सून त्यांना मोकळं करायला निघाली होती. सासूबाईंना मात्र कळलं ते वेगळंच. पाय भाजले म्हणून आपल्याला आता कामावरून काढलं, असं त्यांना वाटलं. त्या उठल्या आणि कापडी पिशवी काढून कपडे भरायला लागल्या. महाराणी खुर्ची फिरवत त्यांच्या मागेमागे गेली. ‘तसं नाही हो, आई,’ असं पुन्हापुन्हा म्हणाली. तसं नाही म्हणजे कसं, ते मात्र तिला सांगता येईना. जिला रोज सकाळी एका वाक्यात उत्तर सापडे, त्या बाईला चार शब्द सापडेनात. शेवटी दारात सासूबाई थांबल्या. उंबऱ्याशी उतरती फळी होती, तिच्या कडेला गुंतलेले केस त्यांनी वाकून वेचले, मुठीत धरले आणि तशाच टॅक्सीत बसल्या.

नणंद तिसऱ्या मजल्यावर राहत होती. लिफ्ट नव्हती. सासूबाईंना दोघांनी धरून कसंबसं वर चढवलं, आणि गुडघ्यांनी सांगून टाकलं की आता खाली उतरणं नाही. महाराणीला वर जाता येत नव्हतं. म्हणजे तिचं आणि जिन्यांचं वैर संपलेलं नव्हतं.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी ती बागेत गेली नाही. टॅक्सी करून नणंदेच्या इमारतीखाली गेली, रस्त्याच्या कडेला ब्रेक लावले आणि तोंड वर करून हाक मारली. गॅलरीत सासूबाई आल्या. वर एक, खाली एक. मध्ये तीन मजले आणि दुसऱ्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे. सासूबाईंना कमी ऐकू येई, त्यामुळं जे काही बोलायचं ते ओरडूनच.

‘जखम भरली का?’

‘भरली.’

‘दाखव.’

‘इथं? रस्त्यात?’

‘मग कुठं दाखवणार?’

महाराणीनं बूट काढला, मोजा काढला आणि पाय दोन्ही हातांनी उचलून आकाशाकडे धरला. जाणारे-येणारे थांबले. सासूबाईंनी चष्मा लावून तपासलं आणि म्हणाल्या, ठीक आहे, घाल परत.

मग दर सुट्टीला हेच. बेकरीवालीच्या भावजयीचं काय झालं, मॅनेजरीणबाईंनी केसांना कसला तो रंग लावून घेतला, नवीन ठेवलेली केर काढणारी बाई कोपरे कशी सोडते. सगळं ओरडून. दुसऱ्या मजल्यावरची बाई कपडे काढायच्या निमित्तानं येऊन उभी राही आणि ऐकू न आलेले शब्द वर पोचवी. वरच्या खोलीत जो पडला होता, त्यालाही हे सगळं ऐकू जात असणार. कधी आतून खोकल्याचा आवाज येई. तेव्हा महाराणीच्या पाठीतून, जिथपर्यंत तिला जाणीव होती तिथपर्यंत, काहीतरी थंड सरसरत जाई. ती दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरून ठेवी आणि आणखी मोठ्यानं बोले. त्याचं नाव दोघींनीही कधी काढलं नाही.

तो गेला ते नणंदेनं फोनवर सांगितलं. महाराणीनं स्टुलावरच्या बाईचे अर्धे राहिलेले केस पूर्ण केले, दुकान बंद केलं आणि टॅक्सी बोलावली.

ती पोचली तेव्हा इमारतीखाली माणसं जमली होती आणि गाडी लागली होती. चार जण त्याला जिन्यावरून खाली आणत होते. वळणावर अडखळत होते, ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होते. ते खाली आले आणि तिच्या समोरून गेले. चेहरा झाकलेला होता. शरीर फारच लहान दिसत होतं. आपण इतकी वर्षं ह्या एवढ्याशाला घाबरत होतो, असं तिच्या मनात आलं, आणि त्यानं बरं वाटलं नाही.

वर गॅलरीत सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांना खाली आणायला त्या गडबडीत कुणाला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी त्या उतरू शकल्या नसत्या. गाडीमागून माणसं चालायला लागली. कोपऱ्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून पुढं गाड्यांनी, असं ठरलं होतं.

‘अगं,’ वरून हाक आली. आवाज रोजच्यासारखा मोठा नव्हता, पण रस्ता शांत होता. ‘माझ्याच्यानं उतरवत नाही. बहिणीशिवाय त्याच्याबरोबर घरचं बाईमाणूस कुणी नाही. तू जा. कोपऱ्यापर्यंत जा नुसती.’

सगळे थांबले. नणंदेचा नवराही थांबला. सगळ्यांनी महाराणीकडे पाहिलं.

महाराणीचे हात चाकांवर होते. तिला जायचं असतं तर कोपरा लांब नव्हता आणि रस्ता सपाट होता. आईंसाठी ती आजवर काहीही करत आली होती. वर्षानुवर्षं खोटं उचलून घेत आली होती. तिनं ब्रेक सोडले नाहीत.

‘नाही, आई,’ ती म्हणाली. ‘तुमच्यासाठीसुद्धा नाही.’

दुसऱ्या मजल्यावरची बाई, जी सगळे शब्द वर पोचवी, तिनं हे पोचवलं नाही. पोचवायची गरज नव्हती. सासूबाईंना ऐकू गेलं होतं.

‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘बरोबर आहे तुझं.’

माणसं पुन्हा चालायला लागली. नणंदही रडत त्यांच्यामागं गेली. गाडी कोपऱ्यावर वळली, दारं आपटल्याचे आवाज आले, आणि रस्ता रिकामा झाला. दुसऱ्या मजल्यावरची बाई आत गेली आणि पहिल्यांदाच तिनं दार लावून घेतलं.

‘आता मी इथं एकटी आहे,’ वरून आवाज आला. सांगितल्यासारखा, मागितल्यासारखा नाही.

‘मी आहे की.’

‘जाशील आता तूही.’

‘दुकान बंद करून आलेय.’

‘गिऱ्हाइकं?’

‘उद्या येतील. केस एका दिवसात काय फार वाढत नाहीत.’

सासूबाई कठडा धरून उभ्याच होत्या. एकदा या हातावर, एकदा त्या हातावर भार घेत होत्या.

‘आई, बसा तरी.’

‘तुझं बरं आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तू आपली बसूनच येतेस.’

आणि दोघी हसल्या. हसताहसता सासूबाईंचं हसू कुठं संपलं आणि रडणं कुठं सुरू झालं, ते तीन मजल्यांच्या अंतरावरून नीट कळलं नाही. पण रडताना त्या खुर्ची ओढत होत्या, ते ऐकू आलं. मग त्या बसल्या. बसल्यावर कठड्यामुळं दिसेनाशा झाल्या.

महाराणी मान वर करून बसून राहिली. ‘आई,’ तिनं ओरडून सांगायला सुरुवात केली, ‘बेकरीवालीनं काल काय केलं ठाऊक आहे का? स्वतःच घरी कात्री घेतली आणि पुढचे केस कापले. आणि मग डोक्याला फडकं बांधून आली माझ्याकडे, म्हणे उंदरानं कुरतडले.’

तिनं पुढचं सांगितलं, मग त्याच्या पुढचंही. मॅनेजरीणबाईंचं सांगितलं, केर काढणाऱ्या बाईचं सांगितलं. घसा बसायला आला. मान दुखायला लागली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती मधूनमधून वर उठत होती, आणि पुन्हा बसत होती, आणि बोलत होती.

ती थांबली की वरून आवाज येई, ‘आहेस का?’

‘आहे,’ ती म्हणे. आणि पुढं सांगायला लागे.